तिसरी वायर

४ सप्टेंबर
मागच्या गल्लीत काल आग लागली. शॉर्ट सर्किट. माणसं वाचली, स्वयंपाकघर गेलं. बंब आला तेव्हा मी तिथेच उभा होतो. बोर्ड होता त्या जागी भिंतीवर काळा डाग, उभ्या माणसाएवढा.
घरी येऊन आपल्या बोर्डाकडे पाहिलं. नेहमीसारखाच होता. त्याचीच भीती वाटली. त्यांचाही परवापर्यंत नेहमीसारखाच असणार.
ठरवलं. आजपासून या घरातली वीज माझ्या ताब्यात. शिक्षण सातवीपर्यंतच झालं, पण गोदामातली अख्खी नोकरी सुरक्षेत गेली. ही म्हणाली, तुमच्याकडे वाळूच्या बादल्या भरायचं काम होतं. बादल्या म्हणजेच सुरक्षा. गोदामाला आग लागली की सगळे विचारतात का लागली. लागली नाही तर का लागली नाही, हे कोणी विचारत नाही.

५ सप्टेंबर
नियम केले. घरात सर्वांनी रबरी चपला घालायच्या. सर्वांनी म्हणजे मी आणि ही. ओल्या हाताने स्विचला हात नाही. एका सॉकेटवर एकच वस्तू. कोणाला शॉक बसलाच तर त्याला हात लावायचा नाही. आधी मेन बंद करायचा, मग कोरड्या लाकडाने बाजूला सारायचं. हे हिला पुन्हा पुन्हा सांगितलं. ही म्हणाली, मला कळलं हो, तुम्ही लक्षात ठेवा म्हणजे मिळवलं.
बाथरूममध्ये चपला घालायला मात्र साफ नकार. पाय काय चपलेवरून घासू, म्हणाली. इथे जिवाचा प्रश्न आणि हिला टाचांचं पडलंय.
लाल बादली आणली. वाळू भरून पॅसेजमध्ये ठेवली. हिचा पाय अडखळला. त्यात बादलीचा दोष नाही.

७ सप्टेंबर
संध्याकाळी व्होल्टेज उतरतं. बल्ब पिवळा पडतो, पंख्याला दम लागतो. मिक्सर फिरत नाही म्हणून हिची भुणभुण, वीज कंपनीत तक्रार करा. मला उलट बरं वाटतं. व्होल्टेज कमी म्हणजे वीज थकलेली. तेवढा वेळ जरा निवांत बसता येतं.
भिंतीला भिंत लागून राहणारी शिवणकामवाली म्हणाली, काका, वरखाली होणं वाईटच, माझ्या मशीनची मोटर त्यातच जळाली. त्या बाईला कपडे शिवता शिवता सगळ्या जगाचं कळतं.

९ सप्टेंबर
मोठा शोध.
गीझरचा प्लग काढून पाहिला. (मेन बंद करून. चपला घालून. एक हात खिशात ठेवून.) त्याला तीन पाय. खालचे दोन समजले. एका वायरने वीज येते, दुसरीने परत जाते. हिशेब पूर्ण झाला. मग हा वरचा जाडजूड तिसरा कशाला?
हार्डवेअरच्या दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, अर्थिंग. जमिनीत जातं ते. जमिनीत कुठे? तर म्हणे मागच्या अंगणात छोटा खड्डा असेल बघा, लोखंडी झाकणाचा. एवढं बोलून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.
आहे. तो खड्डा आहे. इतकी वर्षं त्यावर मी कुंडी ठेवत होतो.

१० सप्टेंबर
झोप नाही. विचार असा. आकाशातली वीज कुठे पडते? जमिनीत. पडल्यावर जाते कुठे? कुठेच नाही. तिथेच राहते. म्हणजे जमीन विजेने भरलेली, आणि आपण त्या जमिनीत एक वायर खुपसून तिचं दुसरं टोक थेट बाथरूममध्ये आणून सोडलेलं. चोराला कोणी दोर लावून देईल का? ज्याने हे घर बांधलं, त्याला याची कल्पना नव्हती.
हिला सांगितलं नाही. उगाच घाबरेल.

११ सप्टेंबर
काम फत्ते. ही बाजारात गेली तेव्हा मेन बंद केला, झाकण उघडलं, नट पान्याने सोडवला. वायरचं टोक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर सुतळीने घट्ट गाठ मारली. कुंडी होती तिथे ठेवली.
दुपारी लांब कुठेतरी गडगडलं. खुर्ची खिडकीशी ओढून निवांत बसलो. पडू दे कुठे पडायची ती. हे घर आता जमिनीला चिकटलेलं नाही.

१६ सप्टेंबर
ही म्हणते, बाथरूमच्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. गरम पाण्याच्याच. लोखंडी नळ आहे, थंडीने येत असतील म्हटलं. ही म्हणाली, गरम पाण्याच्या नळाला थंडी कशी वाजेल?
मी स्वतः जाऊन नळ धरला. चांगला मुठीत धरला. काहीही नाही. चपला घातल्या होत्या, नियमाप्रमाणे.
हिच्या रक्तात काहीतरी कमी असावं. डॉक्टरकडून ताकदीच्या गोळ्या आणाव्यात.

१८ सप्टेंबर
गोळ्या सुरू केल्या. झिणझिण्या चालूच. टेस्टर नळाला लावून पाहिला. आत किंचित लाल दिसलं. समोरच खिडकी आहे, उजेड पडला असेल. खिडकीला पडदा लावला आणि टेस्टर ठेवून दिला. पडदा लावल्यावर पुन्हा पाहण्याची गरज वाटली नाही.

२० सप्टेंबर
नवीन कटकट. बोर्डावर एक ट्रिप स्विच आहे, मुलीने नोकरी लागल्यावर हट्टाने बसवून घेतलेला. तो आज पडला. घर अंधारात. ही बाथरूममधून ओल्या केसांनी बाहेर आली, उजवा हात चोळत. म्हणाली, कोणीतरी कोपराला काठी मारल्यासारखं झालं.
स्विच वर केला. दिवसभर ठीक चालला.

२१ सप्टेंबर
पुन्हा. हिने नळाला हात लावला आणि स्विच पडला. नंतर मी जाऊन नळ धरला, पडला नाही. याचा अर्थ सरळ आहे. दोष हिच्या नळ धरण्यात आहे. फार जोरात पिळते.
ही म्हणाली, स्विचला निदान माझं पडलेलं आहे.

२२ सप्टेंबर
मुलीचा फोन. आईने कान भरले होते. मुलगी म्हणते, बाबा, तो स्विच पडतोय म्हणजे कुठूनतरी करंट गळतोय आणि तो आईच्या अंगातून जातोय. स्विच पडतोय म्हणून ती वाचतेय. गीझर आत्ताच्या आत्ता बंद करा, प्लग काढून ठेवा आणि वायरमन बोलवा. अर्थिंगही तपासून घ्या.
अर्थिंगचा विषय निघाल्यावर मी म्हटलं, तू कशी आहेस? जेवलीस का?
ती म्हणाली, बाबा, विषय बदलू नका. वायरमनला फोन करायचं कबूल करावं लागलं.

२३ सप्टेंबर
वायरमनला फोन केला. उद्या सकाळी येतो म्हणाला. गीझर बंद. ही चुलीवर, म्हणजे गॅसवर पाणी तापवते आणि पातेलं धरून पॅसेजमधून नेते. वाफाळतं पातेलं आणि वाटेत माझी बादली. बघवत नाही.

२५ सप्टेंबर
वायरमन आला नाही. काल म्हणाला रस्त्यात आहे. आज म्हणाला दुसऱ्या साइटवर आहे, काका, तुमचं काम अगदी डोक्यात आहे. मला मनातून बरंच वाटलं. आला असता तर अंगणात गेला असता. या लोकांना पुस्तकी ज्ञान, त्यांना जमिनीचं समजावून सांगण्यात वेळ जातो. हसतातही.

२६ सप्टेंबर
हिचा हात पातेल्याने भाजला. फार नाही. पण मला ते पाहवेना. या घरातल्या सुरक्षेची जबाबदारी कोणाची? मग मीच निर्णय घेतला. दोष गीझरचा नाही, नळाचा नाही, स्विच हळवा आहे. गोदामात एक कुत्रा होता, पान हललं तरी भुंकायचा. शेवटी मालकाने त्याला हाकललं.
मेन बंद केला. स्विचला वळसा घालून वायर जोडली. गीझर सुरू केला. स्विच पडला नाही. पडणारच कसा?
हिला सांगितलं, दुरुस्त झालं. हिने विचारलं, वायरमन येऊन गेला? म्हटलं, झालं एकदाचं. हे काही खोटं नाही.

२७ सप्टेंबर
बोर्डावर प्लायचं दार बसवलं, कुलूप लावलं. उगाच कोणी उघडून पाहायला नको, आणि पाहून घाबरायला नको. किल्ली रोज वेगळ्या जागी ठेवायची असं ठरवलं. सुरक्षेचा हा भाग लोक विसरतात.
ही आज अंघोळ करून आली. विचारलं, झिणझिण्या? म्हणाली, आहेत, पण आज पहिल्यांदा लाइट गेली नाही.
बघा.

२९ सप्टेंबर
पेन नीट चालत नाही. शाई संपत आली असावी.
सकाळी ही अंघोळीला गेली. तांब्या पडल्याचा आवाज आला. मग आवाजच आला नाही. हाक मारली. आतून काहीतरी आलं, पण तो हिचा आवाज नव्हता. दार ढकललं, कडी जुनीच होती, निघाली. हिचा हात नळावर. मूठ उघडत नव्हती. ही माझ्याकडे बघत होती.
सगळं ठरल्याप्रमाणेच केलं, क्रम तेवढा बदलला. वाळू जवळ होती म्हणून आधी वाळू आणली. मग मेनकडे गेलो. कुलूप. किल्ली सुरक्षित जागी होती. घड्याळामागे नव्हती. गादीखाली नव्हती. गादीखालची जागा कालची. आजची कोणती?
मी ओरडलो असं मला आठवत नाही, पण शिवणकामवाली ऐकून आली म्हणते, तर ओरडलो असेन. तिने विचारलं, मेन कुठाय? मी बादली पुढे केली. ती म्हणाली, काका, सरका! गळ्यात टेप तसाच, हातात कापड कापायची मोठी कात्री. ती प्लायच्या फटीत घालून तिने दार उचकटलं आणि मेन खाली ओढला.
बाथरूममध्ये ही धपकन पडली. तो आवाज ऐकून मला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

३० सप्टेंबर
दवाखाना. हृदयाचा ईसीजी काढला, ठीक आहे. तळहातावर भाजल्याचा पांढरा चट्टा. डॉक्टर म्हणाले, नशीब, थोडा वेळ आणखी गेला असता तर. वाक्य पुरं केलं नाही. डॉक्टरांनी वाक्यं पुरी करावीत.
हिला म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे. हिने तोंड भिंतीकडे केलं. उजेड डोळ्यांवर येत असावा.

१ ऑक्टोबर
आता वायरमन धावत आला. तोंडात तोबरा, बोलणं अखंड. गीझरचा एलिमेंट फुटलाय म्हणाला, म्हणून बाहेरचं भांडं आणि नळ, सगळ्यांत करंट. पण अर्थिंग असतं तर तो जमिनीत निघून गेला असता, काकूंच्या हातात आला नसता. तिसरी वायर वीज आणायला नसते, काका, न्यायला असते.
मग अंगणात गेला. कुंडी उचलली.
हे कोणी केलं, विचारलं. मी म्हटलं, इकडे उंदीर फार झालेत.
त्याने पिशवी माझ्यासमोर धरली आणि विचारलं, सुतळीची गाठपण उंदरानेच मारली का? एकदम गच्च मारलीय हो.
पाठीमागे दारात ही उभी होती. दवाखान्यातून कधी आणलं, मला कोणी सांगितलं नाही. शिवणकामवालीचा खांदा धरून उभी होती. त्या गाठीकडे बघत होती.

३ ऑक्टोबर
मुलगी येऊन हिला घेऊन गेली. हवापालट. दुखण्यानंतर हवापालट लागतोच. बॅग मोठी घेतली, पण आता दिवस बदलाचे आहेत, सगळ्या तऱ्हेचे कपडे लागतात. निघताना हिला म्हटलं, नवीन गीझर बसवतो, अर्थिंग जोडलंय, वायरमनने मीटर लावून दाखवलं. ही म्हणाली, बरं. मुलगी म्हणाली, बाबा, आईला तुमच्यावर राग नाहीये. तिला झोपेत ती मूठ आठवते.
राग असता तर बरं होतं. रागाचं मला काय करायचं ते माहीत आहे.

५ ऑक्टोबर
मी भांडी घासतो. जमतं. वायरमन पुन्हा आला, ट्रिप स्विचचं बटण दाबून दाखवलं (माझा वळसा त्याने आधीच काढला होता), महिन्यातून एकदा असं दाबून बघायचं, पडला म्हणजे तो जिवंत आहे. मी म्हटलं, मला माहीत आहे. बोर्डाला दार लावायचं नाही म्हणाला. म्हटलं, तेही माहीत आहे.
घर अगदी सुरक्षित आहे. एवढं सुरक्षित घर गल्लीत नसेल. एकच माणूस राहतो.

१४ ऑक्टोबर, सकाळ
फोन केला. हिला परत कधी येतेस असं स्पष्ट विचारायचं ठरवलं होतं. मुलीने उचलला. म्हणाली, आई अंघोळीला गेलीय, तासाभराने करा. म्हटलं, धरतो. म्हणाली, बाबा, वेळ लागेल. म्हटलं, लागू दे.
तिने फोन टेबलावर ठेवला. लांबून पाण्याचा आवाज येत होता. मध्येच थांबला. मी खुर्चीतून उठलो. इथे उठून काय होणार, पण उठलो. पुन्हा सुरू झाला, तेव्हा बसलो. काळजी वगैरे नव्हती, पाय अवघडला होता.
मग कडीचा आवाज. ही फोनवर आली. बोला, म्हणाली. म्हटलं, झाली अंघोळ? म्हणाली, झाली. म्हटलं, मग ठीक आहे.
ही म्हणाली, रोज बरोबर माझ्या अंघोळीच्या वेळेलाच कसा येतो हो तुमचा फोन?
म्हटलं, सकाळी लाइन मोकळी असते.