शनिवारी बसायला यावे

२ फेब्रुवारी, सोमवार
यांना जाऊन सव्वा वर्ष झालं. आज यांचं कपाट उघडलं. रडले नाही. मी आता सावरले आहे.
शर्टांच्या मागे तीन बाटल्या निघाल्या. दोन अर्ध्या, एक सीलबंद, लाल, बुचाची. हे दर शनिवारी मित्रांबरोबर ‘बसायला’ जायचे. आल्यावर म्हणायचे, एकदा आपण दोघं बसू. लाल त्यासाठी ठेवलेली. मी म्हणायचे, रिटायर झाल्यावर बघू. प्रेसमधून रिटायर झाले. मी म्हटलं, चातुर्मास जाऊ दे.
बाटल्या फेकणं बरं नाही. पण मी पिणारी बाई नव्हे. विचार करते.

४ फेब्रुवारी
वाचनालयातून वाइनवरचं पुस्तक आणलं. पिणं वेगळं, टेस्टिंग वेगळं. रंग बघायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात फिरवायचा आणि थुंकायचा. थुंकलं की ते पिणं होत नाही. म्हणजे एकादशीलाही हरकत नसावी. प्रश्न मिटला.

५ फेब्रुवारी, दुपारी
पहिली बाटली. हिला पांढरी म्हणतात. पांढरी नाही, गोमूत्राच्या रंगाची आहे.
वास: ओलं गोणपाट, मागून पेरू. चव: ताकात लिंबू पिळल्यासारखी. दहापैकी चार.
थुंकायला बेसिनपर्यंत गेले. तिथे लक्षात आलं की गिळलं गेलं. तोंडातला घास टाकू नये, ही आईची शिकवण. थुंकण्याचा सराव उद्यापासून.
नंतर झोप छान लागली. त्याचा याच्याशी संबंध नाही.

९ फेब्रुवारी
दुसरी. तपकिरी, लेबल निघालेलं. उत्कृष्ट! जुनं लाकूड, लवंग, गूळ. पोटात उतरताना ऊब. हे ओकच्या पिंपाचं काम, पुस्तकात आहे. साडेनऊ.
हर्षालीला पुण्याला फोटो पाठवला. लगेच फोन. म्हणाली, आई, ते बाबांचं द्राक्षासव आहे, झाकण बघ. झाकणावर खरंच चिठ्ठी होती, जेवणानंतर दोन चमचे. माझं वाटीभर टेस्टिंग झालं होतं.
मुलीला चवीतलं कळत नाही. गुण तेच राहतील.
थुंकले नाही. औषध थुंकू नये.

१३ फेब्रुवारी
लाल बाटली शनिवारी, २१ ला उघडायची. त्या दिवशी लग्नाला चाळीस वर्षं झाली असती. हा केवळ योगायोग.
सीलबंद बाटली एकटीने उघडू नये. असं पुस्तकात नाही, पण असायला हवं होतं. बिल्डिंगमधल्या बायकांना बोलावते. रडारड नको, मजेत. म्हणून यांचाच शब्द वापरला. ग्रुपवर टाकलं, ‘शनिवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्याकडे बसायला यावे.’ टाइप करताना हसू आलं. मी किती मॉडर्न झाले.
रात्रीपर्यंत सगळ्यांचे हात जोडलेले इमोजी. एवढा उत्साह मला अपेक्षित नव्हता.

१९ फेब्रुवारी
खालच्या मजल्यावरची छाया जिन्यात भेटली. माझा हात धरला. म्हणाली, वहिनी, धीर धरा, आम्ही सगळ्या येतोय, चहापत्ती-साखर आमच्याकडून. मी म्हटलं, चकल्या तळणार आहे. ती दचकली. म्हणाली, अहो, अशा वेळी घरात तळण करत नाहीत.
वाइनबरोबर तळलेलं चालत नसावं. छाया दिसते त्यापेक्षा जाणकार निघाली. चकली रद्द. चीज आणलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार
पाचला अकरा बायका आल्या. सगळ्या फिक्या साड्यांत. मी खुर्च्या मांडल्या होत्या. त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या. छायाने तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, कुसाबाई फार मायाळू होत्या हो.
कुसाबाई माझी थोरली नणंद, पिंपळगावची. मागच्या महिन्यात दवाखान्यात होती, ते मीच सगळ्यांना सांगितलेलं. मी विचारलं, होत्या म्हणजे? छाया म्हणाली, म्हणजे काय वहिनी, तुम्हीच बसायला बोलावलंत ना? कुणी गेल्याशिवाय कोण बसायला बोलावतं?
तेवढ्यात जिन्यातून हंबरडा ऐकू आला. दारात कुसाबाई. इथल्या प्रतिभाचं माहेर पिंपळगावचं, तिच्याकडून कुसाबाईला फक्त ‘बसायला जायचंय’ एवढंच कळलेलं. उंबऱ्यातूनच ओरडली, कोन गेलं गं वैनी, कोन गेलं! छायाच्या हातातून साखर सांडली. प्रतिभा किंचाळली, ह्याच गेल्यात ना?
मी म्हटलं, कुणी गेलं नाही. कुसाबाई म्हणाली, मंग यवढ्या बाया कशापायी रडायल्या? मी म्हटलं, टेस्टिंग आहे.
बाटली आणून दाखवली. कुसाबाईने ती हातात घेतली, पदराने पुसली. म्हणाली, ही तर माझ्या भावाची. तो म्हनायचा, ती हो म्हनली का उघडीन.
मग मात्र सगळ्या खरंच रडल्या. मी नाही. मी बूच काढत होते. निघेना. कुसाबाईने लाटण्याच्या टोकाने आत ढकललं. फुलपात्रांतून घोटघोट दिलं. छाया आधी नको म्हणाली, मग म्हणाली, आलोच आहोत तर.
सगळ्या एकदम उठल्या. बेसिनवर रांग. छाया तर थेट तुळशीजवळच्या कुंडीत थुंकली. पुस्तकात दिलंय तसं, अगदी शास्त्रशुद्ध. कुसाबाई म्हणाली, पार शिरका झालाय वैनी, उभी ठिवून ठिवून आंबली. मला दे, मिरच्या घालीन. दिली.
आता ओट्यावर चहापत्तीची पुडकी आहेत. वर्षभर पुरतील.
लाल. रंग: विटेचा. वास: लोणच्याची रिकामी बरणी. चव: फार आंबट. गुण द्यायचे राहिले.
बेसिनवर माझा नंबर सगळ्यांत शेवटी आला. तोवर गिळलं गेलं होतं. सराव कमी पडला.