पुलापर्यंतची चाल

सोम., ३ नोव्हें.
कालवा भरून चाललाय. काठच्या ट्रॅकवर मी आणि मंदाताई, नेहमीच्या रमतगमत चालीनं. त्या म्हणाल्या, "काटेवाडीचं स्थळ आलंय आमच्या पोरीला. तुमच्याच भावकीतलं हाय म्हनं." नाव ऐकलं आणि पायच थांबले. विशाल! माझ्या धाकट्या जावेचा, शोभाचा. देव आहे म्हणायचा.

मंगळ., ४
झोप नाही. माझ्या लेकीच्या, रूपाच्या वेळी इंदापूरची माणसं शोभाकडे चौकशीला गेली होती. बाई खोटं काही बोललीच नाही. पदर तोंडाला लावला आणि, "मी काय सांगू? च्या घ्या." बस्स. ठरत आलेलं लग्न मोडलं. जाब विचारला तर वर तोंड करून, "मी काय वंगाळ बोलले व्हय?" रूपा पुण्यात नोकरी करते, लग्नाचं नाव काढू देत नाही. आता माझी वेळ. सोडणार नाही.

गुरु., ६
विचारलंच मंदाताईंनी. "पोरगा कसा हाय वो?"
मी बुटाची नाडी बांधायला वाकले. सुटलेली नव्हती. सावकाश बांधली. वर पाहिलं तर मंदाताईंचा चेहरा उतरलेला. घरी येऊन शिरा केला. वाटी चाटूनपुसून खाल्ला.

शनि., ८
रूपाचा फोन. सगळं सांगितलं. वाटलं, खूश होईल.
"आई, विशालनं काय केलंय?"
काय करणार! पोरगं गुणी आहे. माझ्या ऑपरेशनला दवाखान्यात तोच झोपायला होता, मोठी आई मोठी आई करत. पण शोभाचा आहे ना.
"माझ्या नावावर घेऊ नको हे. तुझ्यासाठी घ्यायचं तर घे." फोन ठेवला कार्टीनं. जिच्यासाठी एवढी जळले, तीच...

सोम., १०
मंदाताई आज पुलाशी थांबल्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी तुमी बोलला न्हाय. उद्या दुपारी त्यांना निरोप द्यायचाय. द्यावी का न्हाय पोरगी, तेवढं सांगा."
विशालचं नाव अगदी ओठावर आलं होतं. आणि शोभाचा तो पदरही डोळ्यापुढं आला.
"उद्या सांगते," म्हटलं. फोनकडे डोळे लावून बसली असेल शोभा. बसू दे. एक रात्र तरी माझ्यासारखी काढू दे तिला.
दारात बूट आहेत, शेजारी चपला; चपलांना नाडी नसते. काय घालायचं ते सकाळी बघू.