खिडकीजवळच्या बाकावरून

बुधवार, संध्याकाळ. डोंबिवली.

नातीने, मुक्ताने, आमची पाडलेली शाळा कॉम्प्युटरवर पुन्हा उभी केली आहे. उद्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात दाखवायची. सगळं झकास. पण कॅमेरा खिडकीजवळच्या बाकावर नेला की फळ्यावरची कविता गायब. समोरून दिसते, तिथून कोरा फळा. दुपारभर बिचारी वैतागली होती.

शेवटी सापडलं. फळा आणि अक्षरं तिने अगदी एकाच पातळीवर ठेवलेली. तिरकं पाहिलं की दोघांत पुढे कोण, हे कॉम्प्युटरला ठरवता येईना. अक्षरं केसभर पुढे ओढायची, झालं.

मी म्हटलं, "राहू दे ना कोरा. तो माझाच बाक. तिथून खरंच काही दिसायचं नाही, फळा उन्हाने नुसता चकाकायचा."

"आबा, तुला गंमत वाटते. लोक म्हणतील, पोरीला काम येत नाही."

तेही खरंच. मग मी हट्ट कशाला धरला? तेव्हा तर रोज बाईंकडे तक्रार करायचो. बाई म्हणायच्या, "दिसत नाही? मग ऐक." साऱ्या कविता तशाच पाठ झाल्या, ऐकून. बाकीचे बहुधा वाचत असतील.

तिने दुरुस्त केलं. मला स्क्रीनपुढे बसवून म्हणाली, "हा घे तुझा बाक."

अक्षर न् अक्षर ठळक. तरी मी सवयीने कान पुढे केला. कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज तेवढा आला.