झोक्याची रिकामी फळी

डिंडोली, सुरत
२४ एप्रिल १९९७

प्रिय वर्षू,

सुरतेत आलेल्या आपल्या खानदेशी बायांचं एक गाऱ्हाणं तुझंमाझं सारखंच आहे. या शहरानं आपल्याला काम दिलं, खोली दिली, पण अक्षय तृतीयेला, आपल्या आखाजीला, झोका बांधायला एक झाड दिलं नाही. दरवर्षी दाराच्या चौकटीला जुनी साडी बांधायची आणि मुलींची समजूत घालायची. तू आठ वर्षांची असताना मला विचारलं होतंस, गौराई माहेरी येते म्हणतात, मग इथं ती बसते कुठं? मी कुठल्याशा सभेला निघाले होते. परत आल्यावर सांगते म्हणाले आणि विसरले.

आज सांगते. बसायला जागा झाली आहे. गल्लीच्या टोकाचा तो उकिरडा आठवतो ना, नाकाला पदर लावून जायचो तो? प्लेगच्या साली निम्मी गल्ली गावाला पळाली, आणि परत आल्यावर त्या ढिगाकडे बघायची सगळ्यांना भीती वाटू लागली. मी भाषण केलं. नंतर दुसरं केलं. तिसऱ्याला तुझे नाना शांतपणे म्हणाले, "उषा, आता फावडं दे." तेव्हापासून लूमच्या खात्याला रजा असली की लूमवरची माणसं, ओडिया शेजारी, समोरच्या गुजराती बहिणी, सगळे घमेली घेऊन यायचे. दोन वर्षं लागली. ढिगाखालून एक कडुलिंब निघाला, छातीपर्यंत गाडलेला, तरी जिवंत. नानांनी त्याला इतक्या बादल्या घातल्या की मी म्हणायची, माझ्याकडे कधी एवढं लक्ष दिलं नाहीत. लोक आता त्या जागेला 'गार्डन' म्हणतात. दोन बाकं, मेंदीचं कुंपण आणि तो लिंब, एवढंच गार्डन!

या उन्हाळ्यात दर रविवारी संध्याकाळी तिथं कार्यक्रम ठेवले. एकदा ओडिया लोकांचं भजन झालं, एकदा गुजराती बहिणींचा गरबा. गेल्या रविवारी आपली पाळी होती, गौराईची गाणी. लूमवरच्या हेमराजनं जुन्या लूमची फळी घासून गुळगुळीत करून आणली, लिंबाला दोर बांधला, पहिला झोका बांधला गेला. साठ-सत्तर बाया जमल्या होत्या. माइक माझ्याच हातात, हे सांगायला नको. मी श्रमाचं मोल आणि सार्वजनिक जागेवरचा बाईचा हक्क असं सुरू केलं. मागून आवाज आला, "भाषन पुरं कर व माय, गानं म्हन." सगळ्या हसल्या. मला एकही गाणं येत नव्हतं, वर्षू. कपाटभर पुस्तकं वाचली, पण आखाजीच्या गाण्याची एक ओळ तोंडात नाही. तुला मात्र सगळी येतात. शेजारच्या मालतीबाईच्या ओट्यावर बसून शिकलीस.

मग दोन गल्ल्यांच्या बाया समोरासमोर उभ्या राहिल्या. गाण्यातून एकमेकींची उणीदुणी काढायची, कुणी रागवायचं नाही आणि उत्तर गाण्यातूनच द्यायचं, हा आखाजीचा कायदा. कुणाच्या नवऱ्याचं घोरणं निघालं, कुणाची करपलेली पुरणपोळी. पोटभर हसलो. आणि मग मालतीबाईनं माझ्याकडे बोट करून गाणं उचललं,

गावले ग्यान शिकाडस उषाबाई, माइक धरी हातमा,
कामरेजनी लेक येस नही, रिकामा झोका बागमा.

सगळ्या माझ्या उत्तरासाठी थांबल्या. कामगार आयुक्तांसमोर न अडखळलेली तुझी आई तिथं माइकची वायर बोटाभोवती गुंडाळत राहिली. मालतीबाई घाबरली. धावत येऊन माझा हात धरून म्हणाली, "रागे नको भरू, गानं शे ते." राग कुणाचा येणार? ती खरंच बोलली होती.

चार वर्षं झाली त्या आठ मार्चला. ललितशी लग्न करते म्हणून तू कॉलेज सोडलंस आणि मी भर सभेत तुझं उदाहरण दिलं. माझ्याच पोरीनं पुस्तक टाकून पोळपाट उचलला, असं मी म्हणाले. टाळ्या पडल्या. तू तिसऱ्या रांगेत होतीस, मांडीवर माझा डबा घेऊन. सभेनंतर तो डबा खुर्चीवर ठेवलेला सापडला, अजून गरम. तू नव्हतीस. कामरेज इथून तासाभरावर, आणि मी तुझ्या लेकीला, गायत्रीला, अजून पाहिलेलं नाही. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत होते की हा तत्त्वाचा प्रश्न आहे. पण लग्नाआधी सहा वर्षं तो पोळपाट कुणाच्या घरात होता? मी सभा गाजवत होते तेव्हा भाकरी कोण थापत होतं, नानांच्या कामाच्या पाळ्यांचे डबे कोण सांभाळत होतं? ललितनं तुझी पुस्तकं सोडवली नाहीत. ती माझ्या चुलीपाशी सुटली.

रविवारी मी गाण्यातून उत्तर देऊ शकले नाही. माइक धरला आणि एवढंच बोलले की माझ्या लेकीबद्दल मी जे भर सभेत म्हणाले ते खोटं होतं. पोळपाट माझा होता, तो तिनं उचलला, म्हणून मला तुमच्यापुढे बोलता आलं. माझं आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण. टाळ्या पडल्या नाहीत. मालतीबाई डोळे पुसत होती, नाना उठून लिंबाला पाणी घालायला गेले. हे तुझ्यामागे बोलले, म्हणून तुला लिहिते आहे. तू आलीस काय, न आलीस काय, ते वाक्य मी परत घेतलेलं आहे. पण आखाजी शुक्रवारी आहे, नऊ मेला. सांजोऱ्या मी करणार आहे, बिघडल्या तर हसा. माइक पेटीत ठेवायला सांगितला आहे. मालतीबाईला उत्तर द्यायचं बाकी आहे आणि ते फक्त तुलाच येतं. गायत्रीला घे, ललितरावांना घे, सकाळची पहिली बस धर आणि ये. त्या फळीवर तू बस, झोका मी देते.

तुझ्या गाण्याची वाट पाहणारी,
तुझीच
आई