अळणी नवरात्र

३ मे
कोंढ्याला पोहोचलो. यांना इथल्या राइस मिलमध्ये काम लागलं. खोली हवेशीर आहे, आवारात विहीर आहे, तुळसही आहे. आधी देवघर मांडलं, मग गॅस. घरमालकीण सुंदरबाई मोठ्या मनाची, न मागता वरण-भात आणून दिला. आवारात चार बिऱ्हाडं. बायांची तोंडं मात्र सगळ्यांची सारखीच, गोल, लाल, चकाकणारी. उषाबाईला मी दोनदा सुंदरबाई म्हटलं. सगळ्या खूप हसल्या. नात्यातल्या असतील म्हणून विचारलं, तर नातं काहीच नाही.

जुन्या वहीची मागची पानं कोरी होती. वाया कशाला घालवायची, म्हणून त्यावर लिहून राहिली आहे.

१९ मे
पाणी शेंदून गुडघा धरला. सुंदरबाईने ऐकलं. म्हणाली, "कायले कण्हतेस वं? रोज एक पुडी घे, आठ दिसात नाचशीन." दर महिन्याला एक माणूस मोटरसायकलवर झाडपाल्याच्या पुड्या विकायला येतो. सगळं आवार घेते. तिने मला महिन्याभराच्या पुड्या फुकटच दिल्या. दवाखान्याच्या चकरा वाचल्या. पहिली पुडी देवापुढे ठेवून घेतली.

२४ मे
गुडघा दुखतच नाही! देवळाच्या पायऱ्या न थांबता चढले. भूकही जबर लागते.

२० जुलै
पुड्या आता दर महिन्याला मीही विकत घेते. तोंड भरलं. हे म्हणाले, इथलं पाणी मानवलं तुले. पण हातपाय बारीक होऊन राहिले. बांगड्या सैल, ब्लाउज पोटाशी उसवला. दाराला नुसता हात लागला तरी निळा डाग पडतो.

२८ ऑगस्ट
आज भाजीवालीने मला "सुंदरबाई" म्हणून हाक मारली. घरात आले आणि आरशावर फडकं टाकलं.

१९ सप्टेंबर
उपकेंद्रातली नर्स ज्योत्स्ना आली होती. माझं तोंड पाहूनच तिने पुडी मागितली. म्हणाली, अशा पुड्यांत स्टेरॉइड कुटून घालतात. दोन्ही किडन्यांवर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात, त्यांचा रस रक्तात मिसळतो, आणि रक्तदाब, साखर, अंगातलं मीठ त्यावर चालतं. तोच रस रोज बाहेरून मिळाला की ग्रंथी झोपी जातात. पुडी एकदम बंद केली तर त्या लवकर उठत नाहीत, मग माणूसच झोपतो. उद्याच भंडाऱ्याला जा, डॉक्टर हळूहळू कमी करतील, असं म्हणाली.

मी सांगितलं, सोमवारी घट बसतात, नऊ दिवस अळणी उपवासाचा संकल्प केला आहे. ती चिडली. "ताई, देवी पुढच्या साली बी येते. मीठ बिलकुल सोडू नको." उद्यापासून ती आठ दिवस ट्रेनिंगला नागपूरला.

यांचं मत, दसरा झाला की जाऊ. मलाही तेच बरं वाटलं. पण विष पोटात घालून घटासमोर बसू कशी?

२२ सप्टेंबर
घट बसवले. उरलेल्या पुड्या परसात पुरून टाकल्या, सुंदरबाईलाही सांगितलं की ते विष आहे. मीठही बंद. मन हलकं झालं.

२४ सप्टेंबर
मळमळ. उठले की डोळ्यापुढे अंधार. उपवासाचंच असेल.

२५ सप्टेंबर
तीनदा उलटी. सारखी मिठाची आठवण येते. बरणी पाहिली की तोंडाला पाणी सुटतं. लाज वाटते. यांना दवाखान्याचं म्हटलं. म्हणाले, घट उठू दे, पाचच दिवस राहिले.

२६ सप्टेंबर
मीठ खाल्लं. आई, माफ कर. पोटात ठरलं नाही. परसात खड्डा उकरला— पावसात पुड्यांचा चिखल झाला.
सुंदरबाईकडे एक मागितली. ती रुसलेली. "माह्या पुडीले विष म्हणतेस अन् आता मांगतेस?"
ज्योत्स्नाचा फोन लागत नाही.

२७ सप्टेंबर, दुपार
आरतीत अंग थरथरलं. पडले. जीभ वळत नाही. सुंदरबाई ओरडली, अंगात आलं, देवी आली! मळवट भरला. बाया पाया पडून राहिल्या. दवाखाना म्हणायला तोंड उघडलं, नुसती घरघर— घुमली म्हणतात—

उचलत नाहीत. देवीला हात लावू नये म्हणे.

वही उशाशी होती. मोठ्या अक्षरात लिहिलं,
दवाखाना
उषाबाईने वाचलं. सगळ्यांना सांगितलं, देवी गावासाठी दवाखाना मागते. नारळ फोडला.

थंड. हात थंड. यांना बोलवायला गेल्या. हे वाचतील. यांना माहीत आहे सगळं—

आले. दारात आहेत. पान वर धरते—
मला न्या
अक्षर हलते— हे चप्पल काढून राहिले— माझ्याकडे नाही, पानाकडे पाहा— ऐका ना, हात जोडू नका, हात जो—