बारगिराच्या तोंडाला कांद्याचा वास

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

अल अमेरात, मस्कत
नोव्हेंबर २०१४ (कार्तिक सरला, चंपाषष्ठी तोंडावर आली)

तीर्थस्वरूप वासंतीवन्संना धाकट्या भावजयीचा, म्हणजे उत्तराचा, वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? एरंडेल कोमट करून लावता की नुसत्या गोळ्यांवर भागवता? भावोजींची साखर आटोक्यात असेल अशी आशा आहे. आम्ही तिघे देवाच्या कृपेने बरे आहोत, म्हणजे मी आणि रेवा बऱ्या आहोत, तुमच्या भावाचे पुढे लिहिते. हे पत्र आमच्या शेजारच्या रमणभाऊंबरोबर पाठवते आहे. ते पुण्याला जात आहेत आणि सासवडला तुमच्या हातात देतो म्हणाले आहेत. फोनवर का सांगितले नाहीस असे विचाराल. फोन यांच्या उशाशी असतो, आणि व्हॉट्सॲपवर लिहावे तर रेवा मोठ्याने वाचते (मराठी धडा वाचताना अडखळते, पण नको तेवढे तिला अस्खलित वाचता येते).

तर वन्सं, तुमच्या भावाला एक खरमरीत पत्र लिहा एवढीच विनंती आहे. ते लढाईवर गेले आहेत. घाबरू नका, नोकरी शाबूत आहे, कंपनीच्या स्टोअरमध्ये रोज जाऊन सिमेंटच्या गोण्या मोजून येतात, अर्बाबही (म्हणजे इथला मालक) खूश आहे. पण संध्याकाळी पाच वाजले की हे पेशवाईत जातात. इथल्या मंडळाचे संक्रांतीला हळदीकुंकू आणि नाटक असते. यंदाचे नाटक सुचित्राबाईंनी लिहिले, त्याच बसवतात आणि नायिकाही त्याच. या पुण्याच्या, इतिहासात एम. ए., राहायला अल खौदला विद्यापीठाच्या बाजूला, आणि गाडी स्वतः चालवतात, काळा चष्मा लावून. (काळा चष्मा इथे उन्हासाठी सगळेच लावतात, माझे काही म्हणणे नाही. पण घरात शिरल्यावर तो डोक्यावर कशाला ठेवायचा?)

नाटक त्या भाऊबंदकीचे आहे, एकीकडे दादासाहेब आणि दुसरीकडे बारभाई, मराठ्यांनीच मराठ्यांवर तलवार उचलली ते. रेवा मला म्हणाली, "आई, दोन्ही साइडला आपणच? मग पप्पा लूज करणाऱ्या साइडला आहेत का?" मी म्हटले, ते कुठल्याही साइडला असले तरी लूजच करणार. हे झाले बारगीर. ज्याला घोडा सरकारचा मिळतो तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार. शिलेदार झाले आहेत सुचित्राबाईंचे यजमान, रुचिरराव. त्यांची गाडी स्वतःची आहे आणि यांची पिकअप कंपनीची, तेव्हा बाईंनी नेमणुका पारख करूनच केल्या असे म्हणायला हवे. मात्र नाटकातली नायिका शिलेदाराची नव्हे, बारगिराची बायको आहे. हे मला आधी कोणी सांगितले नाही. नवऱ्याला शिलेदार करायचे आणि स्वतः दुसरीच्या बारगिराला ओवाळायचे, ही एम. ए.ची रीत असेल. मी आपली मॅट्रिक.

आणि मी कोण, ते ऐका. मी बुणगे. लष्कराच्या मागून गाडगी-मडकी, पोरेबाळे घेऊन जी न लढणारी माणसे चालत ती बुणगे. मंडळातल्या ज्या बायकांना वाक्य नाही त्या सगळ्या बुणग्यांत. आम्ही डोक्यावर बोचकी घेऊन डावीकडून उजवीकडे जायचे, आणि पडद्यामागून वळसा घालून पुन्हा डावीकडून यायचे, म्हणजे लष्कर मोठे दिसते. मी विचारले की मला एखादे वाक्य नाही का, तर बाई हसून म्हणाल्या, "उत्तराताई, तुमच्याशिवाय रसद कोण बघणार?" माझ्याहून वर्ष-दोन वर्षांनीच धाकट्या असतील, पण मी ताई.

घरात तर यांचे बोलणेच बदलले. कामावर निघाले की कूच, घरी आले की मुक्काम. कोथिंबीर आणायला सांगितली आणि विसरले की शत्रूने रसद तोडली. परवा मी देवाजवळ पोथी वाचत होते, तर बाहेरून विचारतात, बुणग्यांची पूजा आटोपली का, फौज उपाशी आहे. पूर्वी जेवताना माझ्याशी दोन शब्द बोलायचे, भाजी बरी झाली, नाहीतर मीठ कमी आहे. आता ताटाशेजारी नाटकाची वही, आणि प्रत्येक घासाला सुचित्राबाई म्हणतात की, सुचित्राबाई सांगतात की. हिशेबाच्या वहीत मी 'नाटक' असे नवे खाते उघडले आहे, त्यात रक्कम कमी आणि माझा संताप जास्त आहे.

आता मुख्य गोष्ट. गेल्या शुक्रवारी बाईंनी रुस्ताकला तालीम ठेवली. तिथे मोठा किल्ला आहे, गरम पाण्याचा झरा आहे, डोंगरही आपल्यासारखे (झाडे सोडून). किल्ल्याजवळ सराव केला म्हणजे अंगात काळ भिनतो म्हणाल्या. खायलाही त्या काळचेच हवे, भाकरी, ठेचा, पिठले आणि बुक्कीने फोडलेला कांदा. मी पहाटे उठून भाकऱ्यांची चळत थापली, पिठले केले, लसूण न घालता ठेचा केला आणि कांदा नेला नाही. वन्सं, तुम्हाला सांगायला नको, तुमच्याच माहेरची रीत आहे. कांदेनवमीला शेवटची भजी खायची, की चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचे भरीत आणि रोडगे दाखवीपर्यंत कांदा, लसूण, वांगे घरात आणायचे नाही. इथले मराठी लोक कार्तिकीलाच मोकळे होतात, आपण नाही. सासूबाईंनी मला पहिल्या वर्षीच सांगितले होते, आणि परमुलखात आले म्हणून मी ती रीत कधी मोडली नाही. शिवाय लष्कर तर खंडोबाचेच, येळकोट म्हणून घोड्यावर बसणारे, त्यांना मी आधीच कांदा कसा वाढू?

पण पंगत बसली आणि कांदा नाही म्हटल्यावर फौजेत कुजबुज सुरू झाली. एक म्हणाला, वहिनी, कांद्याशिवाय ठेचा म्हणजे बिनदाण्याची तलवार (अर्थ मलाही कळला नाही, पण सगळे हसले). तेवढ्यात सुचित्राबाई गाडीशी गेल्या, डिकी उघडली, आणि तिच्यात कांद्यांची अख्खी पिशवी. आधीच आणून ठेवलेली. त्यांनी दुसरी चटई अंथरली आणि एकेक शिलेदार माझ्या चटईवरून उठून तिकडे जाऊ लागला, हातात माझीच भाकरी घेऊन. वन्सं, इतिहासात फितुरी वाचली होती, डोळ्यांनी त्या दिवशी पाहिली. माझ्या चटईवर शेवटी मी, रेवा आणि तुमचा भाऊ उरलो. मी समाधानाने यांच्या पानात पिठले वाढते आहे, तर तिकडून बाईंनी हाक मारली, "बारगीर, छावणी चुकली की काय?" आणि हे उठले. माझ्याकडे न बघता उठले. बाईंनी बुक्की मारून कांदा फोडला आणि यांच्या हातावर ठेवला, आणि यांनी तो खाल्ला. मल्हारीच्या भक्ताच्या पोटी जन्मलेल्या माणसाने, चंपाषष्ठी आठवड्यावर आलेली असताना, परक्या बाईच्या हातचा कांदा खाल्ला.

एक ओमानी आजोबा तिथून जात होते, कमरेला चांदीच्या म्यानातला खरा खंजीर. आमच्या पुठ्ठ्याच्या तलवारी बघून थांबले, आम्हाला खजूर दिला आणि लढाई कोणाची कोणाशी असे विचारले. यांनी स्टोअरच्या अरबीत सांगितले की आमचीच आमच्याशी. आजोबांनी आधी दोन चटयांकडे बघितले, मग माझ्या तोंडाकडे, आणि मान हलवली. त्यांना सगळे समजले.

पुढे तालमीत जे झाले ते लिहिण्यासारखे नाही. तेव्हा वन्सं, मोठ्या बहिणीच्या अधिकाराने लिहा की हे नाटक ताबडतोब सोड, कांदा खाल्ल्याबद्दल खंडोबाची क्षमा माग, आणि घरी असशील तेव्हा घरात राहा. तुमचा शब्द ते मोडत नाहीत, माझा त्यांना ऐकूच येत नाही. सगळ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची आज्ञाधारक भावजय,
सौ. उत्तरा

ता. क. : कागद उरला आहे, कोरा कशाला पाठवायचा, म्हणून तालमीचेही लिहिते. शेवटचा प्रवेश होता. बारगीर मोहिमेवर निघतो, बायको त्याच्या कमरेला शेला बांधते आणि तो तिला म्हणतो, "अगं, रडू नकोस, पावसाळ्याच्या आत येतो." हे सुचित्राबाईंसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "अहो बाई, रडू नका." बाईंनी समजावले की मी बायको आहे, अगं म्हणा. पुन्हा अहो बाई. तिसऱ्या वेळी घाम फुटला, वाक्यच विसरले, इकडे तिकडे बघितले आणि म्हणाले, "उत्तरा, भाकरी बांधलीस का?" वन्सं, लग्नाला इतकी वर्षे झाली, 'ऐकलंस का'शिवाय मला हाक नाही. पहिल्यांदा नाव घेतले ते सगळ्या लष्करासमोर, आणि तोंडाला कांद्याचा वास. सगळे हसले, हे लाजले. बाईंनी वही मिटली, काळा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि म्हणाल्या, मग बायको म्हणून ताईंनाच उभे करा.

ता. क. २ : तेव्हा तुमची ती जांभळी नऊवारी आणि मोत्यांची नथ रमणभाऊंबरोबर जरूर पाठवा. ते पंधरवड्यात परत येत आहेत. नवीन घेणे मला परवडले तरी पटणार नाही. साडी नेसून झाली की धुऊन, घडी घालून परत पाठवीन.

ता. क. ३ : खरमरीत पत्र मात्र लिहाच. कांद्याचे सगळे तसेच राहू द्या, नाटक सोड एवढे वगळा. त्याऐवजी लिहा की पाठांतर चोख कर. वाक्य विसरले की यांना विंगेत बघायची सवय आहे, आणि विंगेत आता प्रॉम्प्टिंगला सुचित्राबाई बसणार आहेत.