गाऱ्हाण्यात गाळलेलं नाव

घोडपदेव,
१४ सप्टेंबर २०२५

चि. सुचित्रास,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं ठीक. तुझ्या आईचे गुडघे आणि माझी जीभ सोडली, तर तक्रारीला जागा नाही.

बातमी अशी, की तुझा बाप एकोणसत्तराव्या वर्षी दादरला स्पॅनिशच्या क्लासला जातो. हसू नकोस. लूसिया फोनवर भडाभडा बोलते आणि आजोबा नंदीबैलासारखे मान हलवतात, किती दिवस चालणार? आमच्या नूपुर मॅडम तुझ्याहून लहान, पण कडक.

सध्या इच्छेची रूपं चालू आहेत. घडलेलं सांगायचं तर क्रियापदाचं रूप एक, घडावंसं वाटतं ते बोलायचं तर निराळं. शिवाय तुमच्या स्पेनमध्ये आपल्या माणसांच्या घोळक्याशी बोलायचं रूप वेगळंच. मॅडम म्हणाल्या, "अप्पा, घरच्यांसाठी काहीतरी मागा बघू."

मला गणपतीतलं गाऱ्हाणंच आठवलं. तू पाच वर्षांची, पत्र्याच्या ट्रंकेवर उभी. मी एकेकाचं नाव घेऊन देवाकडे मागायचो आणि सगळ्यांच्या आधी तू ओरडायचीस, "व्हय म्हाराजा!" अख्खी चाळ हसायची. फार आठवतं ते, सुचू.

वहीत तुझ्यासाठी वाक्य लिहिलं, लूसियासाठी लिहिलं. मॅडमनी विचारलं, "आणि जावई?" माझं पेन थांबलं.

सहा वर्षांपूर्वी, तुमच्या लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत, तू व्हिडिओवर बघत होतीस. मी सगळ्यांची नावं घेतली, आंद्रेसचं गाळलं. विसरलो, असं तुझ्या आईला सांगितलं. खोटं. मुद्दाम गाळलं. तू तिथेच फोन ठेवलास आणि तेव्हापासून घरी आली नाहीस. दरवर्षी मी 'तू ये' लिहीत राहिलो, आणि वर तुलाच हट्टी म्हणत राहिलो. चूक माझी होती.

यंदा गाऱ्हाणं घातलं, "बा गणपती म्हाराजा, माझो जावय आंद्रेस, चेडू सुचित्रा, नात लूसिया, तिघांका सुखात ठेव, आनि एकदा घराक येवंदेत रे म्हाराजा!" मग तुझी आई एवढ्यानं ओरडली, की शेजारचा यशोधन दचकला. नंतर मोदक वाढताना ती रडत होती. मीही.

हे पत्र आंद्रेसला वाचून दाखव. लूसियाला दोनच शब्द शिकव, व्हय म्हाराजा. बाकीचं तिच्या भाषेत मी बोलेन.

वहीतलं शेवटचं वाक्य आज लिहिलं, मॅडमनी तपासून दिलंय: ओहाला बेंगाइस. तुम्ही सगळ्यांनी यावं.

तुम्हां तिघांचा,
अप्पा